४जी-५जीचे काम नेमके कुठे अडले आहे, हे कसे शोधावे आणि ते पुढे कसे न्यावे

देशात ५जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले आणि पुढच्या वर्षभरात ती बहुतेक मोठ्या शहरांत पोहोचली. तरीही सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, सातपुड्यात आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अशा अनेक वाड्या-पाडे आहेत, जिथे आजही साधा फोन लावायचा तर टेकाडावर जावे लागते. अशा गावांतून तहसीलदारांकडे, आमदारांकडे आणि कंपन्यांकडे निवेदने जातात, त्यांची पोच मिळते आणि पुढे काहीच घडत नाही. ‘आमच्या गावात रेंज नाही, तरी टॉवर मिळावा’ एवढ्या एका वाक्यावर कोणत्याही कार्यालयाला हालचाल करता येत नाही, हे त्याचे एक मोठे कारण आहे. वेगवान नेटवर्क रखडण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक कारणाचे टेबल वेगळे असते. वीजजोडणी न मिळाल्याने बंद असलेल्या टॉवरसाठी दिल्लीला पत्र पाठवून उपयोग नसतो, आणि गावाचे नावच यादीत नसेल तर महावितरणच्या उपविभागात हेलपाटे घालण्यात अर्थ नसतो. म्हणून आधी काम कुठे अडले आहे हे शोधावे आणि मग त्याच ठिकाणी, योग्य त्या कागदानिशी पाठपुरावा करावा.

आधी फोन आणि सिम तपासावे

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण ती ओलांडून पुढे गेल्यास पुढची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. प्रत्येक कंपनीची सेवा ठरावीक फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे बँडवर चालते आणि फोनमध्ये तो बँड नसेल तर डोक्यावर टॉवर असूनही फोनला तो दिसत नाही. बीएसएनएलची ४जी सेवा प्रामुख्याने ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. यातला ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे २८ क्रमांकाचा बँड अनेक जुन्या आणि स्वस्त फोनमध्ये नसतो, आणि टॉवरपासून दूरवर पोहोचणारी लहर नेमकी तीच असते. बीएसएनएलचे जुने २जी-३जी सिम असेल तर ते ४जी सिमने बदलून घ्यावे लागते. ५जीच्या बाबतीत फोनच्या सॉफ्टवेअरचाही प्रश्न येतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सेवा सुरू झाली तेव्हा भारतातील आयफोनमध्ये ५जी चालत नव्हते, ते त्या वर्षीच्या डिसेंबरमधील अद्ययावत आवृत्तीनंतर सुरू झाले. त्यामुळे फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार ‘५जी’ किंवा ‘४जी’ असा निवडलेला आहे ना, सॉफ्टवेअर अद्ययावत आहे ना, आणि त्याच कंपनीचे सिम दुसऱ्या, नव्या फोनमध्ये घातल्यावर काय होते, एवढे तीन प्रश्न आधी सोडवून घ्यावेत.

रेंज आकड्यांत मोजावी

फोनच्या वरच्या कोपऱ्यातील दांड्या पुरावा म्हणून चालत नाहीत. दोन कंपन्यांच्या फोनवर एकाच जागी त्या वेगवेगळ्या दिसू शकतात, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. खरा आकडा फोनमध्येच असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’ या भागात सिमची स्थिती पाहिली की सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. काही फोनमध्ये *#*#४६३६#*#* हा क्रमांक फिरवल्यावर तोच तपशील उघडतो. आयफोनमध्ये त्यासाठी *३००१#१२३४५#* हा क्रमांक फिरवून कॉलचे बटण दाबावे लागते. ४जीमध्ये ज्या आकड्याकडे पाहायचे त्याला आरएसआरपी म्हणतात आणि तो उणे चिन्हासह येतो. उणे ८० च्या आसपास असेल तर सिग्नल चांगला, उणे १०० नंतर तो क्षीण होत जातो, उणे ११० च्या पलीकडे घराच्या भिंतीआड इंटरनेट अडखळू लागते आणि उणे १२० च्या खाली गेल्यावर काम जवळपास थांबते.

हे मोजमाप गावातील ठरावीक जागी घ्यावे: शाळेचा व्हरांडा, ग्रामपंचायत कार्यालय, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, बसथांबा आणि वस्तीतील शेवटचे घर. प्रत्येक जागी उपलब्ध असलेल्या सर्व कंपन्यांचा आकडा एकाच वहीत लिहावा, सोबत तारीख आणि वेळ नोंदवावी आणि पडद्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. त्याच जागी दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या ‘मायस्पीड’ या ॲपवर वेगाची चाचणी घ्यावी; सकाळी लवकर, भर दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास अशा तीन वेळा ती घेतली तर बरेच काही उलगडते.

या नोंदी वाचण्याची रीत अशी आहे. सिग्नलच क्षीण असेल तर अडचण टॉवरच्या अंतराची किंवा मधल्या डोंगराची आहे आणि नवा टॉवर किंवा आहे त्या टॉवरवर कमी फ्रिक्वेन्सीचा बँड, हाच उपाय आहे. सिग्नल जोरकस असूनही वेग केवळ रात्री कोसळत असेल तर त्या टॉवरवर ग्राहकांची गर्दी झालेली आहे. तिथे नव्या टॉवरची मागणी करण्यापेक्षा क्षमता वाढवण्याची मागणी करावी. सिग्नल जोरकस आहे आणि पहाटेसुद्धा वेग मिळत नाही, असे असेल तर टॉवरला मागून मुख्य जाळ्याशी जोडणारी वाहिनी अपुरी असण्याची शक्यता सर्वांत जास्त. फोनवर ‘५जी’ असे दिसते पण वेग ४जीइतकाच मिळतो, या नेहमीच्या तक्रारीचे मूळही अनेकदा इथेच असते. वाहिनी जुनीच ठेवून वर ५जीची यंत्रणा बसवली, तर ओढ्यावरचा अरुंद पूल तसाच ठेवून दोन्ही बाजूंचा रस्ता चौपदरी करण्यासारखे होते.

टॉवर उभा आहे, पण सेवा नाही

सध्या ग्रामीण भागात सर्वाधिक आढळणारी स्थिती हीच आहे आणि गावकऱ्यांच्या हातून काही घडू शकेल अशीही हीच आहे, म्हणून तिच्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. टॉवरच्या कुंपणाबाहेर उभे राहून वर पाहावे. उभ्या, लांबट, चौकोनी पेट्या दिसतात त्या फोनशी बोलणाऱ्या अँटेना. त्या बसवलेल्याच नसतील तर काम यंत्रसामग्रीसाठी थांबले आहे. त्यांच्या जोडीला ढोलकासारखी गोल तबकडी असेल तर हा टॉवर दुसऱ्या टॉवरशी मायक्रोवेव्हने, म्हणजे हवेतून जोडलेला आहे. तबकडी नसेल तर जमिनीतून ऑप्टिकल फायबर येणे अपेक्षित आहे आणि तशी केबल खालच्या कपाटापर्यंत आली आहे का, हे पाहावे. मग विजेकडे वळावे: मीटर बसवला आहे का, खांबावरून वायर आली आहे का, जनरेटर किंवा सौर पॅनेल आहे का. कुंपणावर किंवा दारावर बहुधा एक पाटी असते आणि तिच्यावर त्या जागेचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे साइट आयडी लिहिलेला असतो. त्या पाटीचा फोटो काढून ठेवावा. पुढच्या प्रत्येक पत्रात गावाच्या नावापेक्षा हा क्रमांक अधिक उपयोगी पडतो, कारण कंपनीच्या दप्तरी टॉवर याच क्रमांकाने ओळखला जातो.

मीटर नसेल तर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन त्या जागेसाठी अर्ज आला आहे का, कोटेशन दिले आहे का आणि ते भरले आहे का, एवढेच विचारावे. वीजवाहिनी टॉवरपर्यंत न्यायला नवे खांब किंवा रोहित्र लागत असेल तर खर्च कोणी करायचा यावरून काम महिनोन्‌महिने पडून राहते. अशा वेळी टॉवर उभारणारी संस्था आणि महावितरण यांना एकाच बैठकीत बोलावण्याची विनंती जिल्हाधिकाऱ्यांना करावी. दोघांना स्वतंत्र पत्रे लिहिली तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

फायबरचा प्रश्न अधिक चिवट आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याचा केंद्राचा प्रकल्प २०११ मध्ये मंजूर झाला, पुढे त्याचे नाव भारतनेट झाले आणि महाराष्ट्रात त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने झाले. तरीही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बसवलेली पेटी बंद आणि केबल कुठेतरी तुटलेली, हे दृश्य सर्वत्र दिसते. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले, ते या तुटलेल्या आणि अपुऱ्या जाळ्यामुळेच. आपल्या ग्रामपंचायतीची जोडणी चालू आहे की बंद, बंद असेल तर कधीपासून, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे, कारण ती चालू झाली तर जवळच्या टॉवरलाही तिचा आधार मिळू शकतो. रस्ता रुंदीकरणात किंवा जलवाहिनीच्या खोदाईत जेसीबीने केबल तुटणे हे नित्याचे झाले आहे. त्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे; खोदणाऱ्याने त्यावर आधी कळवायचे असते. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत खोदाईची परवानगी देताना ही अट लेखी घालावी. ती घालायला पैसे लागत नाहीत, आणि केबल एकदा तुटली की दुरुस्तीची वाट पाहण्यात किती दिवस जातात याचा अनुभव प्रत्येक गावाला आहे.

टॉवर बीएसएनएलचा असेल तर विलंबामागची आणखी एक गोष्ट माहीत असावी. खासगी क्षेत्रात एअरटेलने कोलकात्यात ४जी सेवा २०१२ मध्ये आणि जिओने देशभर २०१६ मध्ये सुरू केली. बीएसएनएलला ४जीच्या लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, देण्याचा निर्णय मात्र २३ ऑक्टोबर २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत झाला. यंत्रसामग्रीसाठी मार्च २०२० मध्ये काढलेली निविदा त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द झाली आणि यंत्रणा स्वदेशीच घ्यायची असे ठरले. टीसीएस, तेजस नेटवर्क्स आणि सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था यांनी ती नव्याने घडवली, सुमारे १५,००० कोटी रुपयांची मागणी मे २०२३ मध्ये नोंदवली गेली आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून ९७,५०० हून अधिक ४जी टॉवरचे लोकार्पण झाले. स्वतःची दूरसंचार यंत्रणा घडवू शकणाऱ्या मोजक्या देशांत भारत गेला, हे यश मोठे आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. पण त्यासाठी गेलेल्या वर्षांची किंमत ज्या गावांत बीएसएनएलखेरीज दुसरे कोणी येत नाही त्या गावांनी मोजली, हेही स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. अशा गावाने पत्र लिहिताना जुना इतिहास उगाळत बसू नये. आपल्या साइट आयडीवर यंत्रसामग्री बसली का आणि ती कार्यान्वित झाल्याची तारीख कोणती, एवढेच विचारावे.

टॉवरच नाही: गाव यादीत आहे का, ते पाहावे

खासगी कंपन्यांना लहरी लिलावात मिळतात. २०२२ च्या लिलावात त्यांनी एकूण सुमारे १.५ लाख कोटी रुपयांच्या लहरी घेतल्या. लिलावाच्या अटींत सेवाविस्ताराचे किमान टप्पे ठरवून दिलेले असतात, पण ते टप्पे प्रत्येक गावापर्यंत पोहोचत नाहीत. चार-पाचशे वस्तीच्या डोंगराळ गावात टॉवर उभारून चालवण्याचा खर्च ग्राहकांकडून निघत नाही, हा कंपन्यांचा हिशेब आहे आणि केवळ विनंतीने तो बदलत नाही. म्हणूनच कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम एका वेगळ्या निधीत जाते. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत. दूरसंचार अधिनियम २०२३ नंतर त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. दुर्गम गावांचे टॉवर याच पैशातून होतात.

या निधीतील दोन योजना महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतील ४४ आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांसाठी योजना मंजूर झाली; त्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे आणि राज्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम हे आकांक्षित जिल्हे आहेत. त्यानंतर २७ जुलै २०२२ रोजी ४जी संपृक्तता योजनेला, म्हणजे उरलेल्या गावांत ४जी पोहोचवण्याच्या योजनेला, २६,३१६ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तिच्यात देशातील सेवा नसलेली २४,६८० गावे आणि केवळ २जी-३जी असलेली ६,२७९ गावे धरली होती, आणि पुनर्वसन, नव्या वस्त्या किंवा कंपन्यांनी सेवा काढून घेणे अशा कारणांसाठी आणखी २० टक्के गावे घेण्याची सोय ठेवली होती. हे काम बीएसएनएलकडे आहे.

आता मुख्य अडचण. या याद्या महसुली गावांच्या असतात. गावठाणात रेंज आली की ते संपूर्ण गाव सेवायुक्त ठरते. मग त्याच गावाची डोंगरापलीकडची धनगरवाडी, तीन किलोमीटरवरचा पाडा किंवा माळावरचा तांडा कोरडाच राहिला तरी दप्तरी तिथे सेवा असते. कोकणात आणि आदिवासी पट्ट्यात, जिथे एकेका गावाच्या दहा-दहा वाड्या असतात, तिथे या एका पद्धतीने जितक्या वस्त्या वगळल्या गेल्या तितक्या दुसऱ्या कशानेही गेल्या नसाव्यात, असे मला ठामपणे वाटते. म्हणूनच मोजमापाची वही वाडीनिहाय ठेवावी. ठरावात महसुली गावाचे नाव आणि २०११ च्या जनगणनेतील संकेतांक लिहून त्याखाली वाडीचे नाव, घरांची संख्या, गावठाणापासूनचे अंतर आणि नकाशावरील अक्षांश-रेखांश द्यावेत. अनुसूचित क्षेत्रात पेसा, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या, कायद्याखाली पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल तर ठराव तिचाच असावा, म्हणजे मुख्य गावाच्या नोंदीत पाड्याची मागणी हरवत नाही.

गाव यादीत आहे का, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग माहितीचा अधिकार हाच आहे. बीएसएनएल आणि दूरसंचार विभाग दोघांनाही तो लागू आहे. खासगी कंपन्यांना थेट अर्ज करता येत नाही. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत यावे लागते. अर्जात ‘विलंब का झाला’ असे विचारू नये. कारणमीमांसा करून देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नसते आणि अर्ज तेवढ्यावर निकाली निघतो. त्याऐवजी दप्तरातील कागद मागावेत: अमुक संकेतांकाचे गाव ४जी संपृक्तता योजनेच्या यादीत आहे का, त्या पानाची प्रत, जागा ताब्यात मिळाल्याची तारीख, वीजजोडणीसाठी केलेल्या अर्जाची व भरलेल्या रकमेची प्रत, टॉवरची जोडणी फायबरने की मायक्रोवेव्हने मंजूर आहे, त्या आदेशाची प्रत, आणि सद्यःस्थितीचा ताजा प्रगती अहवाल. एवढी कागदपत्रे हाती आली की अडथळा कोणत्या टेबलावर आहे हे आपोआप दिसते.

खासगी कंपन्यांच्या बाबतीत दुसरी सोय आहे. ट्रायच्या २०२४ च्या गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर २जी, ४जी, ५जीचा सेवाक्षेत्र नकाशा दाखवावा लागतो. आपल्या वस्तीवर तो नकाशा रंगवलेला असेल आणि आपल्या वहीत उणे ११८ लिहिलेले असेल, तर नकाशाचा स्क्रीनशॉट आणि वहीचे पान शेजारी-शेजारी जोडून तक्रार करावी. याहून सबळ तक्रार सामान्य ग्राहकाला करता येणार नाही.

जागा आणि परवानगी

टॉवर मंजूर असून जागेअभावी परत गेला, असे घडू देऊ नये. गायरान किंवा ग्रामपंचायतीची जागा असेल तर सातबारा, नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव आधीच तयार ठेवावा. जागा निवडताना ती उंचावर आहे, तिथपर्यंत साहित्याचा ट्रक जातो आणि विजेचा खांब जवळ आहे, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. डोंगरमाथ्यावरची जागा रेंजसाठी उत्तम असते, पण रस्ता आणि वीज नसेल तर तिथे टॉवर उभा राहूनही बंदच राहतो.

परवानग्यांसाठी २०१६ मध्ये मार्गाधिकार नियम, म्हणजे टॉवर उभारण्याच्या आणि केबल टाकण्याच्या परवानगीचे नियम, आले आणि अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाल्याचे गृहीत धरण्याची तरतूद झाली. १ जानेवारी २०२५ पासून त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली असून मुदतीचे हे तत्त्व त्यांतही कायम आहे. अर्ज केंद्रीय पोर्टलवरून होतात, त्यामुळे नगरपालिकेत किंवा बांधकाम विभागात अर्ज किती दिवस पडून आहे याची नोंद राहते. ती तारीख कंपनीकडून मागून घ्यावी. खासगी जागेवर टॉवर असेल तर मालकाशी झालेला करार पुरेसा असून, कंपनीने स्थानिक संस्थेला आगाऊ लेखी सूचना आणि इमारतीवर उभारायचा असल्यास संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते, हे ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनेच स्पष्ट झाले होते.

वनजमिनीचा प्रश्न सह्याद्रीत आणि विदर्भात वारंवार येतो. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ते यांच्यासोबत वीज आणि दूरसंचार वाहिन्यांचाही उल्लेख आहे. प्रत्येक कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस, अशा अटींवर ती परवानगी मिळू शकते. फायबर जंगलातून न्यायचे असेल तर ग्रामसभेचा ठराव याच कलमाचा उल्लेख करून लिहावा.

किरणोत्साराच्या भीतीने विरोध होत असेल तर त्या माणसांना वेडे ठरवू नये. त्यांच्या शंकेला मोजमापाने उत्तर देता येते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा किरणोत्सार संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेल्या मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर आपल्या परिसरातील टॉवर पाहता येतात आणि ४,००० रुपये भरून प्रत्यक्ष मोजणीची मागणी करता येते; ती मोजणी विरोध करणाऱ्यांच्या उपस्थितीत करून घ्यावी.

इथेच एक सावधगिरी. ‘तुमच्या शेतात टॉवर बसवतो, लाखांत भाडे मिळेल, आधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा’ असे फोन करून फसवणाऱ्या टोळ्या बऱ्याच वर्षांपासून सक्रिय आहेत. खरी कंपनी जागामालकाकडून आगाऊ पैसे घेत नाही आणि ट्राय किंवा दूरसंचार विभाग कोणालाही टॉवरसाठी ना हरकत प्रमाणपत्र पाठवत नाही. पैसे गेलेच तर तात्काळ १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवावे.

शहरातील अडथळे वेगळे आहेत

शहरात टॉवर असतात, पण ५जीची मुख्य लहर, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झची, भिंती भेदताना फार लवकर दुबळी होते. त्यामुळे गच्चीवर वेग मिळतो आणि आतल्या खोलीत मिळत नाही. गृहनिर्माण संस्थेने अशा वेळी इमारतीच्या आत बसणाऱ्या लहान यंत्रणेची मागणी करावी. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर लहान सेल, म्हणजे छोटे मोबाइल केंद्र, बसवण्यासाठी शहरी भागात वर्षाला ३०० आणि ग्रामीण भागात १५० रुपये इतकीच आकारणी करता येईल, अशी मर्यादा २०२२ मध्येच घातली गेली, तेव्हा महापालिकेने अवाच्या सवा दर मागितल्याचे कारण कंपनी देत असेल तर ते लेखी मागावे.

पुणे आणि नागपूर विमानतळांच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. विमानांचे उंचीमापक ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्यांना व्यत्यय येऊ नये म्हणून दूरसंचार विभागाने २९ नोव्हेंबर २०२२ च्या पत्राने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या पट्ट्यात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झची केंद्रे उभारू नयेत असे कंपन्यांना कळवले. हा निर्बंध सुरक्षेचा असल्याने तो लागू असेल तिथे तक्रारीने काही साधत नाही. त्या पट्ट्यात इतर बँडवर ५जी देणारी कंपनी निवडावी.

तक्रारीचा क्रम आणि ठरावाचा मसुदा

कंपनीच्या ग्राहक केंद्रात तक्रार करून डॉकेट, म्हणजे तक्रार नोंदणी, क्रमांक घेतल्याशिवाय पुढची कोणतीही पायरी चढता येत नाही. तिथे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे, त्याला निर्णयासाठी ३९ दिवसांची मुदत असते. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या लोकतक्रार कक्षाकडे १०६३ क्रमांकावर किंवा केंद्राच्या तक्रार पोर्टलवर नोंद करावी. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून वेळ घालवू नये. पैसे घेऊन सेवा न दिल्याची तक्रार ग्राहक आयोगापुढेही चालते. तसे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. गावात दुसऱ्या कंपनीची रेंज खरोखर चांगली असेल, तर सिम ९० दिवस जुने झाल्यावर १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, आणि दहा-वीस घरांनी एकत्र बदल केला तर जुन्या कंपनीच्या स्थानिक व्यवस्थापकाला त्याची दखल घ्यावी लागते.

सामूहिक मागणीसाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. तो २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत घेता येतो. शब्द साधारण असे असावेत:

‘मौजे …, तालुका …, जिल्हा …, जनगणना संकेतांक …, या गावातील … वाडी येथे … घरे व … लोकसंख्या असून सोबत जोडलेल्या तारीखवार मोजमापानुसार कोणत्याही कंपनीचा ४जी सिग्नल उणे … पेक्षा चांगला नाही. त्यामुळे रेशन दुकानातील ई-पॉस, ई-पीक पाहणी आणि रुग्णवाहिकेस फोन करणे यांत अडचण येते. टॉवरसाठी गट क्रमांक … मधील … चौरस मीटर जागा देण्यास ही सभा संमती देत असून, सदर जागेपासून विजेचा खांब … मीटरवर आहे. सदर वस्ती योजनेच्या यादीत समाविष्ट करावी आणि केलेल्या कार्यवाहीची तारीख ग्रामपंचायतीस लेखी कळवावी.’

हा ठराव बीएसएनएलच्या जिल्हा पातळीवरील कार्यालयाला, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दूरसंचार समितीला आणि खासदारांना द्यावा. जिल्ह्यातील केंद्रीय योजनांचा आढावा घेणाऱ्या दिशा समितीचे अध्यक्षपद खासदारांकडे असते, तेव्हा बैठकीच्या आधी त्यांच्या कार्यालयाला एका पानाचे टिपण द्यावे: गाव, संकेतांक, साइट आयडी, कोणत्या टेबलावर किती दिवसांपासून काय अडले आहे. बैठकीनंतर इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी आणि त्यात आपल्या गावासमोर लिहिलेल्या तारखेची आठवण पुढच्या महिन्यात लेखी करून द्यावी.

सेवा सुरू झाल्यावरही वही बंद करू नये. दुर्गम टॉवर वीज गेल्यावर बॅटरीवर चालतात आणि बॅटऱ्या उतरल्या किंवा चोरीला गेल्या की दर भारनियमनात गाव पुन्हा गप्प होते. पहिले काही महिने वीज गेल्यानंतर टॉवर किती वेळ चालला याची नोंद शाळेतील शिक्षकांनी किंवा आशाताईंनी ठेवावी, आणि तो तासाभरातच बंद पडत असेल तर साइट आयडी देऊन बॅटरी बदलण्याची तक्रार त्याच आठवड्यात नोंदवावी.